रोल कुठे धुवायचा?

अमेरिकेच्या कॅन्सस राज्यात पार्सन्स नावाचं एक लहानसं गाव आहे. 2010 च्या डिसेंबरात या गावी जगभरातून पार्सलं येत होती. काही माणसं तर शेकडो मैल गाडी हाकत स्वतःच येऊन पोचली होती. एकानं आगगाड्यांच्या छायाचित्रांचे दीड हजारांहून जास्त रोल गाडीत भरून आणले होते. गावात ‘ड्वेन्स फोटो’ ही प्रयोगशाळा आहे. कोडाकची कोडाक्रोम ही रंगीत फिल्म धुऊन देणारी जगातली ती एकमेव जागा उरली होती, आणि 30 डिसेंबरनंतर आलेला रोल स्वीकारणार नाही असं तिनं जाहीर केलं होतं.

ही फिल्म बनवणं थांबवत असल्याचं कोडाकनं दीड वर्ष आधी, जून 2009 मध्येच सांगितलं होतं. पण छायाचित्रकारांना फिल्म संपण्यापेक्षा धुणं संपण्याची धास्ती जास्त होती. कॅमेऱ्यातून काढलेल्या रोलवर चित्र असतं खरं, पण ते अदृश्य असतं. डेव्हलपर मिळेपर्यंत ते कुणालाच पाहता येत नाही. कोडाक्रोमच्या बाबतीत तर अडचण आणखी खोल होती. नेहमीच्या रंगीत फिल्ममध्ये रंग तयार करणारी द्रव्यं फिल्मच्या थरांतच घातलेली असतात, धुताना ती जागी होतात. कोडाक्रोममध्ये ती नसत. मुळात ती एकावर एक ठेवलेली तीन कृष्णधवल फिल्म्सची चवड होती, आणि प्रत्येक थराचा रंग धुताना वेगवेगळ्या डेव्हलपरमधून त्यात उतरवावा लागे. त्यामुळे फिल्म पातळ राहायची, चित्र रेखीव यायचं आणि अंधारात नीट ठेवलेल्या स्लाइडचे रंग अनेक दशकं टिकायचे. पण ही धुलाई घरच्या न्हाणीत होण्यासारखी नव्हती. त्यासाठी मोठं यंत्र हवं, रसायनांवर रोज नजर ठेवणारा जाणकार हवा, आणि ती खास रंगद्रव्यं पुरवणारी कोडाक हवी. कोडाकनं पुरवठा थांबवला आणि पार्सन्सचं यंत्रही थांबलं. आज कुणाच्या कपाटात न धुतलेला कोडाक्रोम सापडला तर त्यातून फार तर कृष्णधवल चित्र निघेल. रंग निघणार नाहीत, कारण ते त्या रोलमध्ये कधी नव्हतेच.

ही फिल्म 1935 साली बाजारात आली. ती शोधणारे दोघे मूळचे संगीतकार, हे मला फार आवडतं. लिओपोल्ड मॅनेस पियानो वाजवायचे आणि लिओपोल्ड गोडॉव्स्की व्हायोलिन. अंधारखोलीत घड्याळ दिसत नाही, म्हणून ठरावीक लयीत सुरावट शिट्टीवर वाजवून ते वेळ मोजत. मात्रा मोजण्याची सवय हाडीमाशी असलेल्या माणसालाच हे सुचू शकतं. फिल्म बंद होताना शेवटच्या उत्पादनातला एक रोल कोडाकनं छायाचित्रकार स्टीव्ह मॅकरी यांना दिला. हिरव्या डोळ्यांच्या अफगाण मुलीचं त्यांचं प्रसिद्ध छायाचित्र कोडाक्रोमवरच टिपलेलं होतं. हाती चित्रं फक्त छत्तीस. त्यातली काही त्यांनी न्यूयॉर्कमध्ये काढली, काही राजस्थानात रबारी लोकांची, आणि काही आपल्या मुंबईत. त्यांत अमिताभ बच्चन आणि आमिर खान आहेत. शेवटची चित्रं पार्सन्सच्या दफनभूमीत काढून रोल तिथल्या तिथे धुवायला दिला.

कोडाक्रोम शेवटी वापरणारे थोडे होते, पण शून्य नव्हते. मग ती त्यांच्यापुरती थोडी बनवायला काय हरकत होती? या प्रकरणाचा गाभाच हा प्रश्न आहे. फिल्मवर काम करणाऱ्यांचं गेल्या वीस वर्षांतलं सगळं दुखणं आणि त्यांनी शोधलेले सगळे उपाय याच प्रश्नाभोवती फिरतात.

फिल्म म्हणजे पारदर्शक पट्टीवर जिलेटिनमध्ये बसवलेले चांदीच्या क्षारांचे सूक्ष्म कण. चांदीपासून सिल्व्हर नायट्रेट करायचं, ते जिलेटिनच्या कोमट द्रावणात पोटॅशियम ब्रोमाइडशी मिसळायचं, तयार झालेले कण ठरावीक तापमानाला पिकवायचे आणि ते मिश्रण पट्टीवर पसरायचं. ऐकायला सोपं वाटतं. पण एकेकाळी कारखानदारांना एक कोडं पडलं होतं. जिलेटिनच्या एका घाण्यातून आलेली फिल्म प्रकाशाला तल्लख निघे, तर दुसऱ्या घाण्यातली मंद, आणि कारण सापडत नसे. 1920 च्या दशकात कोडाकच्या सॅम्युएल शेपर्ड यांना ते सापडलं. जिलेटिन गुरांच्या कातड्या-हाडांपासून करतात. त्या गुरांच्या चाऱ्यात मोहरीच्या जातीची झुडपं असली, तर गंधकाची काही संयुगं लेशमात्र जिलेटिनपर्यंत पोचतात आणि तीच चांदीच्या कणांना तल्लख बनवतात. मोहरी न खाल्लेल्या गाईचं जिलेटिन मंद निघायचं. इतक्या नाजूक गोष्टींवर ज्या मालाचा दर्जा ठरतो, तो माल घरगुती प्रमाणात सहजी बनत नाही.

त्यात हे सगळं मिट्ट काळोखात करायचं असतं. मोठ्या कारखान्यातली पट्टी मीटरभराहून रुंद आणि लांबी किलोमीटरच्या हिशेबात. रंगीत फिल्ममध्ये त्या पट्टीवर डझनाहून अधिक थर चढतात आणि ते सारे मिळून केसाच्या जाडीहून पातळ असतात. यंत्र सुरू झाल्यावर सगळं जमून येईपर्यंतची पट्टी वाया जाते. नंतर जो माल निघतो तो हजारो रोलांचा असतो, आणि ते रोल काही वर्षांत शिळे होतात. म्हणजे दहा वर्षांची बेगमी एकदम करून ठेवायची सोयही नाही. हजार पानांच्या पंगतीचं पातेलं चुलीवर चढवून चार माणसांचा भात होत नाही, करपतो. फिल्मचे कारखाने असेच करपले. खप दहापट घसरला म्हणून यंत्र दहापट लहान होत नव्हतं.

ही घसरण किती मोठी होती, ते सिनेमाच्या फिल्मवरून कळतं. 2006 ते 2014 या काळात कोडाकची सिनेमा-फिल्मची विक्री 96 टक्क्यांनी घटली. आगफाफोटो ही जर्मन कंपनी 2005 मध्ये दिवाळखोरीत गेली. त्याच वर्षी कोडाकनं कृष्णधवल छपाईचा कागद बनवणं थांबवलं. पोलरॉइडनं 2008 मध्ये झटपट फिल्म बंद केली आणि 2012 च्या जानेवारीत खुद्द कोडाकनं दिवाळखोरीचा अर्ज केला.

कधी कधी खप असूनही यंत्र दगा देतं. क्रोएशियातल्या सामोबोर गावी फोटोकेमिका हा कारखाना एफ्के नावाची फिल्म जुन्या धाटणीनं बनवायचा. तिच्यातल्या चांदीच्या सढळ थरावर लोक जीव टाकायचे. 2012 मध्ये लेप चढवणारं जुनं यंत्र नादुरुस्त झालं, दुरुस्तीचा खर्च झेपणारा नव्हता आणि फिल्म संपली. कधी एखादं रसायनच आडवं येतं. फुजीची व्हेल्व्हिया 100 ही स्लाइड फिल्म अमेरिकेत 2021 मध्ये विक्रीतून गेली, कारण तिच्यात अगदी अल्प प्रमाणात असलेल्या एका रसायनावर तिथल्या पर्यावरण खात्यानं बंदी घातली. फिल्मची साखळी अशी लांब आहे. जिलेटिन, चांदी, पट्टी, रंगद्रव्यं, यंत्र, ते चालवणारा कारागीर, मग रोलाचा कागद, रीळ, डेव्हलपर, चित्र पक्कं करणारा हायपो, छपाईचा कागद. यातली एक कडी तुटली की बाकीच्या शाबूत असून उपयोग नसतो.

तुटलेली साखळी पुन्हा जोडण्याचं मला ठाऊक असलेलं सर्वांत धाडसी काम नेदरलँड्समधल्या एन्स्खेडे शहरात झालं. पोलरॉइडचा तिथला कारखाना जून 2008 मध्ये बंद होत होता. निरोपाच्या कार्यक्रमात फ्लोरियन काप्स आणि आंद्रे बॉसमन यांची गाठ पडली. काप्स झटपट छायाचित्रणाचे वेडे, तर बॉसमन त्याच कारखान्यात उत्पादन सांभाळणारे. यंत्रं भंगारात जाणार होती. या दोघांनी साथीदार आणि पैसे जमवून ती विकत घेतली, इमारत भाड्यानं घेतली आणि जुन्या कामगारांपैकी दहा जणांना बरोबर घेऊन ‘इम्पॉसिबल प्रोजेक्ट’ सुरू केला. हे अशक्य आहे असं त्यांना पुष्कळांनी सांगितलं होतं, आणि नावही तेच होतं.

यंत्रं होती आणि ती चालवणारे हातही होते. नव्हती ती रसायनं. पोलरॉइडच्या फिल्ममधली बरीच द्रव्यं दुसऱ्या कुणाच्या उपयोगाची नसल्यामुळे ती बनवणाऱ्यांनीही उत्पादन थांबवलं होतं. त्यामुळे जुनी फिल्म पुन्हा बनवणं शक्यच नव्हतं. त्याच यंत्रातून निघेल आणि त्याच कॅमेऱ्यात बसेल अशी नवी फिल्म शोधून काढावी लागणार होती. पहिली फिल्म मार्च 2010 मध्ये आली, आणि ती कच्ची होती. पोलरॉइडचं चित्र कॅमेऱ्यातून बाहेर पडताना त्यावर एक अपारदर्शक रासायनिक पडदा पसरतो आणि त्याआड चित्र निर्धास्त उमटतं. तो पडदा नव्या फिल्मला जमला नव्हता. चित्र बाहेर येताच ते उजेडापासून झाकावं लागे. लोकांनी कॅमेऱ्याच्या तोंडाशी पुठ्ठ्याची झडप चिकटवली, चित्र छातीशी धरून ठेवलं, खिशात उलटं घातलं. फिल्म महाग होती, रंग फिके यायचे, कधी पाकीटच्या पाकीट वाया जायचं. तरी लोक ती घेत राहिले. बनवणाऱ्यांना शिकायला लागलेली वर्षं त्या गिऱ्हाइकांनी पोसली, हे माझ्या मते या कहाणीतलं सर्वांत मोठं काम आहे. 2017 मध्ये या मंडळींच्या हाती पोलरॉइड हे नावही आलं, आणि आज त्या नावाची फिल्म एन्स्खेडेतच बनते.

इंग्लंडमध्ये इलफर्डच्या वाट्याला वेगळा रस्ता आला. 1879 साली अल्फ्रेड हार्मन यांनी काचेच्या कोरड्या प्लेटा बनवण्यापासून सुरू केलेली ही कंपनी 2004 मध्ये बुडीत निघाली. पुढच्या वर्षी तिथल्याच व्यवस्थापकांनी कृष्णधवल विभाग विकत घेतला आणि कंपनीला संस्थापकाचं नाव दिलं. रंगीत फिल्मच्या शर्यतीत न शिरता कृष्णधवल फिल्म, कागद आणि रसायनं एवढंच नेकीनं करायचं, असा त्यांचा बेत होता. चेक प्रजासत्ताकातली फोमा कंपनीही अशीच आपल्या मापात राहून टिकली. आज कृष्णधवल काम करणाऱ्याच्या कपाटात बहुधा या दोघांपैकी एकाचं खोकं असतं.

भारतात कच्च्या फिल्मची अडचण छायाचित्रणाइतकी नसली तरी सिनेमाइतकी जुनी आहे. दादासाहेब फाळके 1912 साली लंडनहून विल्यमसन कॅमेरा घेऊन आले. फिल्म यायची ती भोकं न पाडलेली. कॅमेऱ्याच्या दातांत अडकण्यासाठी तिच्या दोन्ही कडांना भोकं पाडावी लागत, तीही अंधारात, चाचपून. दादरच्या घरात हे काम सरस्वतीबाई फाळके करत, फिल्म धुण्याचं कामही त्या शिकल्या. दिवसभर सगळ्या कलाकार-कामगारांचा स्वयंपाक आणि रात्री फिल्मची भोकं. भारतीय सिनेमाच्या आरंभी फिल्मच्या साखळीतली एक अख्खी कडी एका गृहिणीच्या बोटांवर पेलली होती. दुसऱ्या महायुद्धात सरकारनं कच्च्या फिल्मवर नियंत्रण आणलं, चित्रपटाला 11,000 फुटांची मर्यादा घातली आणि कुणाला किती फिल्म द्यायची हे परवान्यावर ठरू लागलं.

स्वातंत्र्यानंतर ही परावलंबी अवस्था संपवायची म्हणून 1960 मध्ये उटीला हिंदुस्तान फोटो फिल्म्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि 1967 मध्ये उत्पादन सुरू झालं. थंड, स्वच्छ, धूळ कमी असलेली हवा फिल्मला मानवते, म्हणून निलगिरी. ‘इंदू’ या नावानं तिथून रोल, ब्रोमाइड कागद, सिनेमाची कृष्णधवल फिल्म आणि एक्स-रे फिल्म बाहेर पडायची. गावोगावच्या स्टुडिओंत इंदूची खोकी असत. ओळखपत्रांचे, लग्नांचे, शाळेच्या गटछायाचित्रांचे किती फोटो त्या मालावर निघाले असतील याची मोजदाद नाही. 1990 च्या दशकात कंपनी आजारी उद्योगांत गेली. 2014 मध्ये केंद्र सरकारनं उरलेल्या कामगारांसाठी स्वेच्छानिवृत्तीची योजना मंजूर केली आणि कारखान्याचा शेवट झाला. उटीची यंत्रं आणि त्या कामगारांचं हातचं ज्ञान यांतून लहान प्रमाणात काही वाचवता आलं असतं, असं मला आजही वाटतं. एन्स्खेडेत दहा माणसं पुरली होती.

आता आपल्याकडे फिल्मवर काम करणारा माणूस काय करतो ते सांगतो. रोल बाहेरून येतो, सीमाशुल्कासह. मुंबईत फोर्टच्या बोरा बाजारात, पुण्या-नाशकाच्या मोजक्या दुकानांत चौकशी करायची, नाहीतर मित्रांनी मिळून मागवायचा. पैसे वाचवायचे तर शंभर फुटांचा डबा घ्यायचा आणि अंधारात छत्तीस चित्रांचे तुकडे करून जुन्या डब्यांत भरायचे. एका डब्यातून अठराएक रोल निघतात. रोल फ्रिजमध्ये भाज्यांच्या कप्प्यात ठेवायचे आणि वापरण्याआधी खोलीच्या तापमानाला येऊ द्यायचे. थंड डबी लगेच उघडली तर फिल्मवर दव धरतं. मुदत उलटलेला रोल मिळाला तर त्याला जास्त प्रकाश द्यायचा.

डेव्हलपरचं दुखणं वेगळं. तयार पाकिटं मिळेनाशी झाली तेव्हा मी एका दुकानातून जुन्या साठ्यातलं पाकीट आणलं. पूड पांढरी असायला हवी, ती तपकिरी होती, आणि तिचा अर्थ मला तेव्हा कळला नाही. त्यात एका ओळखीच्या घरच्या लग्नाचा रोल धुतला. टाकीतून बाहेर काढला तर फिल्म काचेसारखी स्वच्छ. कडेला कारखान्यात उमटवलेले आकडे असतात, तेही नव्हते. आकडे असते तर कॅमेऱ्याचा दोष म्हणता आला असता. आकडेच नाहीत म्हणजे डेव्हलपर मेलेला. त्या घरच्यांना सांगायला गेलो तेव्हा नवऱ्या मुलीची आजी एवढंच म्हणाली, “असू दे रे, आम्ही पाहिलंय ना लग्न.” तेव्हापासून मी पाकिटावर विसंबत नाही. डेव्हलपर घरी बनवतो, आणि रोल घालण्याआधी फिल्मचा एक तुकडा उजेडात धरून त्यात बुडवून पाहतो. तो काही मिनिटांत काळा झाला पाहिजे.

डी-76 हे डेव्हलपरचं सूत्र कोडाकनं 1927 मध्ये दिलं आणि ते कुणापासून लपवलेलं नाही. एक लिटरला मेटॉल 2 ग्रॅम, सोडियम सल्फाइट 100 ग्रॅम, हायड्रोक्विनोन 5 ग्रॅम आणि बोरॅक्स 2 ग्रॅम. बोरॅक्स म्हणजे आपला टाकणखार, जो सोनार डाग देताना वापरतात. बाकीची रसायनं मुंबईत प्रिन्सेस स्ट्रीटच्या रसायन बाजारात किंवा शाळा-महाविद्यालयांना प्रयोगशाळेचं सामान पुरवणाऱ्यांकडे मिळतात. वजन करायला सोनाराच्या दुकानात असतो तसा लहान काटा लागतो, कारण दोन ग्रॅमचे तीन झाले तर चित्र बदलतं.

पाऊण लिटर पाणी हात पोळेल न पोळेल इतकं, पन्नासएक अंशांपर्यंत तापवायचं. त्यात आधी चिमूटभर सल्फाइट, मग मेटॉल. हा क्रम चुकवायचा नाही. सगळं सल्फाइट आधी घातलं तर मेटॉल विरघळत नाही, आणि अजिबात न घालता मेटॉल टाकलं तर ते हवेनं खराब होऊ लागतं. मेटॉल पूर्ण विरघळलं की उरलेलं सल्फाइट थोडं थोडं ढवळत, मग हायड्रोक्विनोन, शेवटी टाकणखार. थंड पाणी घालून लिटर भरायचं आणि गडद बाटलीत गळ्यापर्यंत ओतायचं, वर हवा राहू द्यायची नाही. हातमोजे घालायचे, मेटॉलनं काहींच्या कातडीला खाज सुटते आणि एकदा सुटली की दर वेळी सुटते. हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, तर मासे पाळणाऱ्यांच्या दुकानातही मिळतं, नळाच्या पाण्यातला क्लोरिन मारायला ते वापरतात. चांदीचे क्षार त्यात विरघळतात हे जॉन हर्शेल यांनी 1819 मध्येच पाहिलं होतं. दोनशे वर्षं झाली, अजून त्याच्यावाचून चालत नाही.

मग तापमान. पुस्तकातल्या साऱ्या वेळा 20 अंशांसाठी दिलेल्या असतात, आणि मे महिन्यात आपल्या टाकीतलं पाणी तिशीच्या वर असतं. मी बाटल्या बादलीत ठेवतो आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेला बर्फ त्या बादलीत सोडतो. डेव्हलपरमध्ये थेट बर्फ टाकला तर तो पातळ होतो. डेव्हलपर 20 अंशांवर, हायपो 20 वर आणि धुवायचं पाणी मात्र 32 वर, असं झालं तर जिलेटिन फुगून त्यावर सुरकुत्या येतात. म्हणून धुण्याचं पाणीही आदल्या रात्री माठात भरून ठेवायचं.

विकतचा डेव्हलपर मुळीच नको असेल तर कॉफी आहे. 1995 मध्ये अमेरिकेतल्या रोचेस्टर इथल्या तंत्रसंस्थेत स्कॉट विल्यम्स आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी कॉफीत फिल्म धुऊन दाखवली. कॉफीतलं कॅफेइक आम्ल हे काम करतं, कॅफीनचा त्यात हात नाही. पुढे लोकांनी त्यात सुधारणा केल्या. सध्या रुळलेलं एक प्रमाण असं: एक लिटर पाण्यात निर्जल धुण्याचा सोडा 54 ग्रॅम, जीवनसत्त्व क 16 ग्रॅम आणि झटपट कॉफी 40 ग्रॅम. 20 अंशांना पंधरा मिनिटं. कॉफी स्वस्तातली चालते, पण चिकोरी मिसळलेली नको. चिकोरी जितकी जास्त, तितकी खरी कॉफी कमी. वास मात्र असा सुटतो की घरचे विचारतात, न्हाणीत काय शिजतंय?

कॅमेऱ्याच्या बाबतीतही असाच एक उद्योग करावा लागतो. पूर्वी घरोघरी असलेल्या काही कोडाक कॅमेऱ्यांना 620 नावाचा रोल लागे, तो 1995 मध्ये बंद झाला. पण 620 आणि आज मिळणारा 120 यांतली फिल्म एकच, फरक रिळाचा. 620 चं रीळ बारीक आणि धातूचं. तेव्हा दिवे मालवून 120 चा रोल एकदा मोकळ्या रिळावर उलटा गुंडाळायचा, मग तिथून 620 च्या रिळावर सुलटा. फिल्म मागच्या कागदाला फक्त एका टोकाशी चिकटवलेली असते. ते टोक शेवटी हाताला लागतं तेव्हा कागद आणि फिल्म यांच्या लांबीत थोडा फरक पडून तिथे फुगवटा आलेला असतो. चिकटपट्टी उचलायची, बोटानं फुगवटा काढायचा आणि पट्टी पुन्हा दाबायची. वाया गेलेले पहिले दोन-तीन रोल जपून ठेवा, उजेडात त्यांच्यावर सराव करता येतो. ज्यांच्याकडे वडोदऱ्याला बनलेला आगफा क्लिक थ्री आहे, त्यांना हे काहीच करावं लागत नाही. त्याला 120 चाच रोल लागतो, आणि 1901 पासून चालत आलेला तो रोल अजून बनतो.

गेल्या काही वर्षांत वारं थोडं फिरलं आहे. टॅरँटिनो, नोलन आणि अब्राम्स यांच्यासारख्या दिग्दर्शकांनी रदबदली केल्यावर हॉलिवूडच्या स्टुडिओंनी 2015 मध्ये ठरावीक प्रमाणात फिल्म घेण्याचे करार कोडाकशी केले. त्यामुळे मोठं पातेलं चुलीवर राहिलं आणि छायाचित्रकारांच्या रोलांनाही त्याच चुलीची ऊब मिळाली. ‘ओपनहायमर’साठी कोडाकनं 65 मिलिमीटरची कृष्णधवल फिल्म खास बनवून दिली. 2012 मध्ये बंद केलेली एक्टाक्रोम स्लाइड फिल्म 2018 मध्ये परतली. त्यातले काही घटक आता कुणीच बनवत नव्हतं, त्यांची नव्यानं जुळणी करायला बरेच महिने गेले. जपानी फुजीनं 2018 मध्ये थांबवलेली ॲक्रॉस ही कृष्णधवल फिल्म 2019 मध्ये पुन्हा आली आणि तिच्या खोक्यावर ‘मेड इन यूके’ छापलेलं होतं. हार्मननं 2023 च्या डिसेंबरात फिनिक्स ही आपली रंगीत फिल्म बाजारात आणली. तिचे रंग अजून तापट आहेत, कण जाड आहेत. तरी मी ती घेतो. एन्स्खेडेच्या पहिल्या गिऱ्हाइकांनी जे केलं, तेच करायची आपली पाळी आहे. चांगली होईल तेव्हा घेऊ म्हणून थांबलो तर ती चांगली व्हायच्या आधीच बंद होईल.

वाचकांकडे माझं एक मागणं आहे. घर आवरताना माळ्यावर वडिलांचा-आजोबांचा कॅमेरा सापडला, तर त्यातलं रिकामं धातूचं रीळ फेकू नका. बंद पडलेल्या स्टुडिओतला एन्लार्जर, डेव्हलपिंगची टाकी, ट्रे भंगारवाल्याला द्यायच्या आधी जवळच्या कला महाविद्यालयात किंवा छायाचित्रकारांच्या मंडळात विचारा. आणि कॅमेऱ्यात किंवा डबीत न धुतलेला रोल असेल तर काय आहे ते पाहायला तो उघडू नका. त्यावर कृष्णधवल लिहिलेलं असेल तर तीस-चाळीस वर्षांनंतरही चेहरे निघण्याची आशा असते. डबीवर काय लिहिलंय ते टिपून ठेवा, डबी हवाबंद पिशवीत घालून फ्रिजमध्ये ठेवा आणि रोल धुणारं माणूस याच महिन्यात शोधा.